उंदराले तूप चारायची रीत

घरी सांगणे

पहिलं काम घरी सांगण्याचं. ते टाळून पुढे जाऊ नका, कारण तुमच्या भातकुली गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात तुम्हाला एम.फार्म.ला जागा मिळाली आहे, गाईड मिळाले आहेत, आणि गाईडनी विषयही देऊन टाकला आहे. पांढऱ्या उंदरांना स्निग्ध पदार्थांनी ठासून भरलेला आहार द्यायचा आणि त्यांच्या चयापचयात काय काय बिघडतं ते मोजायचं. हे जसंच्या तसं सांगितलंत तर आबाजी अडकित्ता खाली ठेवून विचारतील, "काव पोरी, आमी उंदराले दवा टाकतो अन् तू त्याले तूप चारून रायली?"

प्रश्न बिनतोड आहे. ज्या गावात सोयाबीनच्या थप्पीमागे झिंक फॉस्फाइड ठेवावं लागतं, तिथे पैसे मोजून उंदीर आणायचे आणि वर त्यांच्या पंगतीची व्यवस्था बघायची, याचं समर्थन एका वाक्यात होत नाही. दोनात होतं. माणसाला काय खाल्लं म्हणून विचारलं तर तो निम्मं विसरतो आणि उरलेलं झाकतो. उंदराचं खाणं तोलून ठेवता येतं आणि उरलेलंही तोलता येतं. माणसाचं शरीर बिघडायला वीस वर्षं लागतात, उंदराला काही आठवडे पुरतात. यावर आबाजी "हं" म्हणतील. त्या "हं"ला पटल्याची पावती समजू नका, पण घराबाहेर पडायला तेवढं पुरतं.

इतिहास, सिनॉप्सिसपुरता

"हा विषय आजवर दुर्लक्षित राहिला आहे" हे वाक्य लिहू नका. शंभर वर्षांपूर्वी निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरने उंदरांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांची ताटं वाढली होती. एका पिंजऱ्यात शिखांचं जेवण, एकात पठाणांचं, मग मराठ्यांचं, गुरख्यांचं, कानडी, बंगाली आणि मद्रासी. काही आठवड्यांनी सगळे तराजूवर. शीख ताटावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम, पठाणी २३०, मराठा २२५, आणि शेवटचे मद्रासी, १५५. म्हणजे आपण तिसरे आलो. वऱ्हाडाचं ताट वेगळं मांडलं नव्हतं, नाहीतर रोडगे आणि वांग्याच्या भाजीच्या जोरावर वरचा नंबर मागायला आपल्याकडचे लोक कुन्नूरपर्यंत गेले असते. ती प्रयोगशाळा वाढत वाढत १९५८ साली हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

गंमत म्हणजे पहिल्या आलेल्या उंदराच्या ताटात गव्हाची पोळी, दूध, भाजी आणि तूप होतं. तुम्ही तर तूप-तेलाने उंदीर बिघडतो हे दाखवायला निघाला आहात. दोन्ही खरं असू शकतं. मॅककॅरिसनचा तुपावरचा उंदीर ज्याच्याशी ताडून बघितला, त्याच्या ताटात पॉलिशचा तांदूळ होता आणि दुधाचा थेंब जवळपास नव्हता. तेव्हा शेजारच्या पिंजऱ्यात कोण आहे ते आधी बघायचं, आपल्या पिंजऱ्यात कोण आहे ते नंतर. या मार्गदर्शिकेतलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे एवढं विसरू नका. आणि बहुतेक सगळे नेमकं हेच विसरतात.

जनावर निवडणे

जगभरातले लोक सी५७ ब्लॅक ६ जातीचा काळा छोटा उंदीर वापरतात. १९८८ साली अमेरिकेतल्या सरविट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा काळा उंदीर स्निग्ध आहारावर लठ्ठही होतो आणि त्याची साखरही चढते, तर दुसऱ्या एका जातीचा उंदीर तेच खाऊन बराच सुखात राहतो. तुमच्या कॉलेजात काळा उंदीर नसतो. तुमच्या वाट्याला विस्टार येईल, पांढरा, लाल डोळ्यांचा, मोठ्या जातीचा. नाहीतर स्प्राग-डॉली. यांच्यातही एकाच पिंजऱ्यात एकाच खाद्यावर एक भाऊ फुगतो आणि दुसरा काटकुळाच राहतो. हे बघून घाबरू नका, लग्नकार्यात बघितलेलं आहेच.

दोन गोष्टी पाठ करा, तोंडी परीक्षेत कामी येतात. या मोठ्या उंदराला पित्ताशय नसतं, छोट्याला असतं. आणि उंदराला उलटी होत नाही. गिळलेलं परत फिरवायची सोय त्याच्याकडे नाही. त्याला विष घालणाऱ्यांना याचा फायदा मिळतो आणि तूप घालणाऱ्यांनाही.

नर घेण्याची पद्धत आहे. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं, ते आकड्यांत ढवळाढवळ करतं, म्हणून तिला वगळतात. शिवाय तरुण मादी स्निग्ध आहाराने नराइतकी लवकर बिघडत नाही. म्हणून निम्म्या जगाचा अभ्यास राहून जातो, पण प्रबंध वेळेत होतो.

परवानगी

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम यांच्या परवानगीशिवाय उंदराच्या शेपटीलाही हात लावता येत नाही. केंद्राची समिती आहे, सीसीएसईए, जिला जुने लोक अजून सीपीसीएसईएच म्हणतात. कॉलेजची स्वतःची नैतिक समिती असते आणि तिच्यापुढे फॉर्म बी भरावा लागतो. किती जनावरं, का इतकी, कमीत का भागत नाही, त्यांना दुखणार किती, शेवटी काय करणार. "किती" या रकान्यात सगळे गटामागे सहा लिहितात. का सहा, असं विचारलं तर मागच्या वर्षीच्या मुलाने सहा लिहिले होते हे उत्तर समितीला चालत नाही, जरी तेच खरं असलं तरी.

समितीत एक सभासद विज्ञानाबाहेरचा असतो. बहुतेक वेळा तोच कामाचा प्रश्न विचारतो. फॉर्मवर "साठ टक्के स्निग्ध आहार" वाचून तो म्हणेल, "साठ टक्के म्हणजे नेमकं किती हो?" हिशेब तयार ठेवा. साठ टक्के वजनाचे नव्हेत, कॅलरींचे. एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, पिठा-प्रथिनांत ४. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला साठ टक्के चरबीतून द्यायच्या तर रोज १३३ ग्रॅम. चार माणसांचं घर धरलं तर महिन्याला १६ किलो, म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा पिपा आणि वर किलोभर. गावातल्या लग्नातला आचारीसुद्धा इतका सढळ नसतो. समितीतले सभासद मान हलवतील आणि उंदराकडे सहानुभूतीने बघतील.

वजन आणि कॅलरी यांत घोळ घालणारा विद्यार्थी दरवर्षी एक तरी निघतो. तो शंभर ग्रॅम खाद्यात साठ ग्रॅम डालडा कालवतो. त्याचे गोळे वळत नाहीत, वळले तर राहत नाहीत, आणि उंदीर त्यात खाण्यापेक्षा लोळतो जास्त.

खाद्य बनवणे

इथे घाई करू नका. सगळा प्रयोग या परातीत आहे.

अमेरिकेत तयार खाद्य मिळतं. डी १२४९२ नावाच्या निळ्या गोळ्या जगप्रसिद्ध आहेत, साठ टक्के कॅलरी चरबीतून, आणि ती चरबी मुख्यतः डुकराची. त्या मागवायच्या तर खर्च, कस्टम्स आणि थंड साखळी या तिघांशी झगडावं लागतं. म्हणून आपल्याकडे घरीच बनवतात, आणि बनवताना मोहालीच्या नायपर संस्थेतल्या के. श्रीनिवासन आणि पी. रामाराव यांच्या गटाची २००५ सालची कृती समोर ठेवतात. किलोभर खाद्याला साधं खाद्य दळून ३६५ ग्रॅम, डुकराची चरबी ३१०, केसीन २५०, कोलेस्टेरॉल १०, जीवनसत्त्वं आणि खनिजं मिळून ६०, मेथिओनिन ३, यीस्ट १, मीठ १. बेरीज करून बघा, बरोबर हजार होते. छापील कृतीची बेरीज जुळणं ही दुर्मिळ गोष्ट आहे, म्हणून मला ती आवडते.

अडचण ३१० ग्रॅमवर येते. भातकुली हे जैनांचं तीर्थक्षेत्र, आणि तुमच्या वर्गातली निम्मी मुलं घरून डबा आणणारी, त्यातली काही कांदाही न खाणारी. डुकराची चरबी आणणार कोण, वितळवणार कोण आणि ती परात नंतर घासणार कोण, यावर बैठक होते. बैठकीतून डालडा निघतो. डालडा आणि खोबरेल तेल यांचं मिश्रण महाराष्ट्रातल्या पुष्कळ प्रयोगशाळांत चालतं, कुणी खाद्यात कालवतं, कुणी नळीने थेट पोटात सोडतं. सरकीचं तेल घ्यावं का, असं वऱ्हाडातला विद्यार्थी हमखास विचारतो, कारण घरच्या म्हशी सरकीच्या ढेपेवर वाढलेल्या असतात. सरकीच्या तेलात असंतृप्त आम्लं बरीच, डालड्यात आणि खोबरेलात संतृप्त. उंदराला हा फरक कळतो. म्हणून "चरबी" एवढंच लिहून भागत नाही, कुठली ते लिहा.

आणि डालडा लिहिलात तर डब्यावरचं वर्षही लिहा. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०११ साली १० टक्क्यांची मर्यादा आली, मग ५ ची, २०२१ साली ३ ची आणि २०२२ पासून २ टक्क्यांची. तुमच्या सीनियरने २००८ साली ज्या डालड्याने उंदीर बिघडवले तो डालडा आता दुकानात नाही. त्याचे आकडे आणि तुमचे आकडे जुळले नाहीत तर दोष उंदरावर ढकलू नका.

आता शेजारचा पिंजरा. तिथल्या उंदराला काय द्यायचं? सोपं उत्तर, साधं खाद्य, गोणीतलं. जवळजवळ सगळे तेच देतात. पण गोणीतल्या खाद्यात धान्याचा कोंडा, सोयाबीनची पेंड, तंतू, पाल्याचा अंश असं शंभर प्रकारचं असतं, आणि तुमच्या गोळ्यांत केसीन, चरबी आणि पुड्यातली जीवनसत्त्वं. एक उंदीर बिघडला, एक नाही. मग दोष चरबीचा, की तंतू कमी पडल्याचा, की केसीनचा, की सोयाबीन सुटल्याचा? सांगता येणार नाही. खरं म्हणजे शेजारच्या उंदरालाही त्याच परातीतलं, त्याच केसीनचं, फक्त चरबी कमी केलेलं खाद्य द्यायला हवं. त्यातही कमी झालेल्या चरबीच्या जागी साखर भरली तर नवीन घोळ, कारण साखर स्वतः काही संत नाही. जुन्या कमी चरबीच्या डी १२४५०बी खाद्यात ३५ टक्के कॅलरी साखरेतून येत, म्हणून नंतर साखर जुळवलेलं वेगळं खाद्य निघालं. हे सगळं गाईडना समजावून सांगा. ते ऐकतील आणि म्हणतील, "केसीनचा भाव माहीत आहे का?"

मग गोणी उघडा.

सगळ्यात सोपा मार्ग काढणारेही असतात. त्यांना "कॅफेटेरिया आहार" असा शब्द सापडतो. १९७६ साली स्क्लाफनी आणि स्प्रिंगर यांनी सुपरमार्केटमधल्या चमचमीत पदार्थांवर उंदीर लठ्ठ करून दाखवले, ते खरं आहे. म्हणून आपला विद्यार्थी राजकमल चौकातून गिला वडा, जिलबी आणि शेव आणून पिंजऱ्यात मांडतो. उंदीर खूश होतात, जाडही होतात. फक्त कुठल्या उंदराने काय आणि किती खाल्लं याचा पत्ता लागत नाही, कारण एक फक्त शेव वेचतो आणि दुसरा वड्याचं वरचं दही चाटून वडा मित्राला ठेवतो.

पाणी

खारपाणपट्ट्यातलं पाणी नेऊ नका. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाण्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे, भातकुलीकरांना हे सांगायची गरज नाही, चहाच्या पहिल्या घोटात कळतं. उंदरालाही ते पाजलंत तर रक्तदाब आणि मूत्रपिंड यांचा वेगळाच प्रबंध तयार होईल आणि त्याला तुम्ही स्निग्ध आहाराचं नाव द्याल. आरओचं पाणी द्या. खारपाणपट्ट्यावरचा प्रबंध खरं तर कुणीतरी करायलाच हवा, पण तो या फॉर्म बीमध्ये बसत नाही.

ऊन

नियम सांगतो, प्राणिगृहाचं तापमान १८ ते २९ अंशांत ठेवा. अमरावतीचा मे महिना नियम वाचत नाही. बाहेर पंचेचाळीस, वीज दुपारी दोनला जाते, एसी बंद, जनरेटरचं डिझेल कोणाच्या सहीने आणायचं यावर फाइल फिरते. उंदराला घाम येत नाही. तो पिंजऱ्यात पोटावर आडवा पसरतो, शेपटीतून उष्णता सोडतो, अंगाला लाळ लावतो आणि खाणं कमी करतो. खाणं कमी झालं की वजन उतरतं, चरबी उतरते. जूनमध्ये तुम्ही आलेख काढता तेव्हा औषधाच्या गटाबरोबर (औषध कुठलं ते पुढे येईल) सगळेच गट सुधारलेले दिसतात. हा गुण औषधाचा नसून महावितरणचा आहे.

थंड देशातली भानगड उलट. तिकडे प्रयोगशाळा २२ अंशांवर ठेवतात, माणसांना बरं वाटतं म्हणून. छोट्या उंदराला आराम वाटतो ३० च्या आसपास. २२ अंशांवर तो अंग तापवण्यातच कॅलरी जाळत बसतो. तेव्हा तिकडचा प्रत्येक निष्कर्ष थोडा कुडकुडणाऱ्या उंदरावरचा आहे आणि आपला थोडा घामाघूम, म्हणजे त्याला घाम आला असता तर, अशा उंदरावरचा.

चारणे आणि तोलणे

उंदीर रात्री खातो. तुम्ही भातकुलीहून सकाळच्या एसटीने येता, तेव्हा त्याची पंगत उठलेली असते. उरलेलं तोलणं हे तुमचं काम, आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. साधा गोळा उंदीर कुरतडून खातो, स्निग्ध गोळा चुरतो. चुरा तुसाच्या थरात जातो, तिथे तो लेंड्यांत आणि लघवीत मिसळतो. तुम्ही ट्यूबलाइटखाली पेपर पसरता, पिंजऱ्याचा तळ त्यावर उलटा करता आणि चिमट्याने एकेक पिवळा कण वेचता. ओला कण जड भरतो, म्हणून तो वाळवायचा. तुसाचं कूस चिकटलेलं असतं, ते सोडवायचं. तासाभराने वाटीत ४.३ ग्रॅम जमतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हे न करणारे लोक "दिलेलं" तेच "खाल्लेलं" धरतात, आणि उंदराच्या नावावर न खाल्लेलं तूप लागतं.

पहिल्याच आठवड्यात दिसेल की तुपावरचा उंदीर ग्रॅमात कमी खातो. घाबरू नका, खाद्य नासलं म्हणून फेकू नका. साधं खाद्य ग्रॅमला ३ कॅलरींच्या आसपास, तुमचे गोळे ५ च्या वर. साधा उंदीर १८ ग्रॅम खाऊन ५४ कॅलरी घेतो, तुमचा १२ ग्रॅम खाऊन ६० गाठतो. हा कमी खाऊन वाढतो. गावात असे काकाजी असतात ज्यांचं जेवण "काहीच नाही" असतं. त्यांच्या चहात साय किती असते ते मोजलेलं नसतं.

गोळे फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर खवट होतात. खवटपणाचाही शरीरावर परिणाम होतो, तो वेगळाच. उंदराचा अंगरखा तेलकट पिवळा दिसू लागला की प्राणिगृहाचे अटेंडंट काका पिंजऱ्यावरची चिठ्ठी न वाचता गट ओळखतात. नोंद करणाऱ्याला गट माहीत नसावा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे चारणारा, तोलणारा, रक्त काढणारा, आलेख काढणारा आणि निकालाची आशा लावून बसलेला, सगळे तुम्हीच. निदान गट चिठ्ठ्या टाकून पाडा, आणि चरबी तोलायची वेळ आली की एखाद्या मैत्रिणीला बोलवा जिला चिठ्ठी माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वजनाच्या आलेखात एक खड्डा येईल. काकांनी सगळ्यांना गोणीतलंच घातलं होतं. खड्डा आलेखातून पुसू नका, खाली कारण लिहा.

बिघडवणे

एकट्या तुपाने विस्टारला मधुमेह होत नाही. तो जाड होतो, रक्तातलं इन्शुलिन वाढतं, पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात, पण स्वादुपिंड जास्त राबून साखर आवाक्यात ठेवतं. नायपरच्या गटाने म्हणूनच दोन पायऱ्या केल्या होत्या. दोन आठवडे स्निग्ध आहार, मग स्ट्रेप्टोझोटोसिनचं छोटं इंजेक्शन, किलोला ३५ मिलिग्रॅम. हे द्रव्य इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. त्यांच्या कामातली खरी कमाई शेजारच्या पिंजऱ्यात होती. तेवढंच इंजेक्शन साध्या खाद्यावरच्या उंदराला दिलं तर त्याला मधुमेह झाला नाही. तुपावरचा कोसळला. म्हणजे तुपाने भिंत पोखरली होती आणि इंजेक्शन हा फक्त धक्का होता, हे त्यांना म्हणता आलं, कारण धक्का दोघांनाही दिला होता.

तुम्ही काय कराल? उंदीर पडला नाही तर डोस पन्नास कराल, साठ कराल. मग सगळेच पडतील, तूप खाल्लेले आणि न खाल्लेले, आणि तुमच्याकडे प्रकार दोनच्या नावाखाली प्रकार एकचा मधुमेह तयार होईल. द्रव्य थंड सायट्रेट बफरमध्ये विरघळवून लगेच टोचायचं असतं. ते तसंच ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत त्यातला जोर उतरलेला असतो. मग उंदीर चिवट निघाला असं वाटतं.

मोजणे

शेपटीच्या टोकाचा एक थेंब, माणसांचंच ग्लुकोमीटर. किलोला दोन ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास दर अर्ध्या तासाने एक थेंब. नवशिक्याने धडपडत पकडलेल्या उंदराची साखर भीतीनेच चढते, म्हणून आधीचे काही दिवस नुसतं हातात घेऊन सोडा. २०० ग्रॅमच्या उंदरात रक्त साधारण १३ मिलिलिटर; एका वेळी त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर काढू नका, बायोकेमिस्ट्रीवाले कितीही मागोत.

पुढे सूत्रं येतात. होमा नावाचं सूत्र उपाशीपोटीची साखर आणि इन्शुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागतं. ते १९८५ साली माणसांसाठी बनलं. एलडीएल काढायचं फ्रीडवाल्डचं सूत्र १९७२ चं, तेही माणसांचं. उंदराचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये फिरतं, त्याच्या रक्ताची मांडणीच निराळी. तरी प्रबंधात उंदराचं एलडीएल दोन दशांश स्थानांपर्यंत छापलेलं असतं, आणि क्वचित उणे येतं. उणे आलं तर तो रकाना हळूच गाळतात.

यकृताचे काप हा सुंदर भाग. नेहमीच्या पद्धतीत तुकडा अल्कोहोल आणि झायलिनमधून काढतात, त्यात चरबी धुऊन जाते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी पेशींत पांढरी गोल भोकं दिसतात. चरबी तिथे होती, तिचं रिकामं घर उरलं. तिलाच रंगवायची असेल तर तुकडा गोठवून कापायचा आणि ऑइल रेड ओ लावायचं, मग लालभडक थेंब उमटतात. त्यासाठी क्रायोस्टॅट लागतं आणि क्रायोस्टॅटला वीज.

काप घेण्याआधी उंदराला मारायचा दिवस येतो, तेव्हा थट्टा बंद करा. मान्य पद्धतीने, भूल देऊन, घाई न करता, एका वेळी एक, दुसऱ्यांच्या नजरेआड. ज्याला सहा आठवडे रोज हातात घेतलं तो तुमचा वास ओळखून बोटांशी येतो. याचं ज्याला काहीच वाटत नाही त्याने विषय बदलावा.

अर्क

आतापर्यंत जे केलं ते कशासाठी, तर एक पाला तपासायचा होता. गावच्या बांधावरचा, गाईडना आवडलेला, २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रतिकिलो. पाल्याने साखर उतरते. कुठल्याही पाल्याने उतरते. साखर न उतरवणारा पाला माझ्या तरी बघण्यात नाही. बहुधा त्यांचे प्रबंध होत नसावेत. ४०० चा डोस माणसासाठी बदलायचा तर ६.२ ने भागतात. साठ किलोच्या माणसाला ते जवळजवळ चार ग्रॅम अर्क होतो. दहा टक्के उतारा पडत असेल तर रोज चाळीस ग्रॅम वाळला पाला. आजीला सांगून बघा. ती म्हणेल, "एवढा त् बकरीबी खात नाही."

पुण्याचे उंदीर

शेवटी एक काम वाचा, प्रबंधाला लागो न लागो. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं एक गोष्ट मांडली आहे: भारतीय माणूस दिसतो बारीक, आत चरबी बाळगतो. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

मग आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली सेल मेटाबॉलिझममध्ये छापलेला प्रयोग. विस्टार उंदरांची एक वंशावळ पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेली. त्यांना तूप नाही, डालडा नाही, काहीच जास्तीचं नाही. तरी पिल्लं कमी वजनाची, पोटात चरबी, पेशी इन्शुलिनला दाद न देणाऱ्या, आणि स्ट्रेप्टोझोटोसिनला आठपट जास्त बळी पडणारी. नंतर दोन पिढ्यांना शेजारच्या उंदरांसारखंच पोटभर साधं खाद्य दिलं. बिघाड गेला नाही.

आता तुमच्या मांडणीकडे बघा. तुम्ही बाजारातून धष्टपुष्ट आईचे धष्टपुष्ट उंदीर आणले आणि त्यांना पिपाभर तूप चारलं. भातकुलीत १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीची भाकरी खाल्लेल्या बायांची नातवंडं आज कुठल्या ताटावर बसली आहेत, हे या पिंजऱ्यात कुठेच नाही. त्यांना साठ टक्के कुणी चारत नाही. त्यांना नुसतं पोटभर मिळू लागलं आहे.

हे पटलं असेल तर पुढचा फॉर्म बी गाभण मादीपासून भरा. गर्भारपण २२ दिवसांचं, पिल्लू दोन-अडीच महिन्यांत वयात येतं, म्हणजे वर्षभरात तीन पिढ्या कागदावर बसतात. गाईडना दाखवा. ते हिशेब दोनदा तपासतील, बरोबर आहे म्हणतील, आणि मग विचारतील की सिनॉप्सिसची शेवटची तारीख शुक्रवार आहे, तर पाला कुठला घेणार.